उन्हातली पालवी, उन्हातली माणसं

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये कोरफड, काकडी, हळद आणि चंदनाचे लेप हजेरी लावतात. शेजारच्या रकान्यात एसपीएफ ५० सनस्क्रीनची जाहिरात असते. दोन्ही रकाने आपापल्या जागी ठाम, आणि त्यांची एकमेकांशी गाठ कधी पडत नाही. ती पाडावी म्हणून हा संवाद. यातल्या दोघी कल्पनेतल्या आहेत. त्या देतात ते दाखले मात्र खऱ्या, प्रसिद्ध झालेल्या संशोधनातले.

मावशी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, सासवडजवळ अंजिराची थोडी बाग सांभाळून आहे. भाची पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ. चैत्र सुरू आहे, अंजिराच्या मीठ्या बहाराची तोडणी चालू आहे, आणि दोघी बांधावरच्या आंब्याखाली बसल्या आहेत. यंदा या आंब्याच्या अर्ध्या फांद्यांना मोहोर आलाच नाही. तिथे नवी पालवी फुटली आहे.

मावशी : हे पान हातात घेऊन बघ. तांबूस, लुळं, देठापासून सरळ खाली लोंबणारं. शिरा अजून पिवळट आहेत. आता त्याच फांदीवर वीतभर मागे ये. तिथलं पान हिरवंगार, चिवट, आडवं पसरलेलं. एकाच झाडाची दोन पानं उन्हाशी दोन तऱ्हांनी वागतायत. कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा पुरती बसलेली नसते, दुपारचा प्रकाश त्याला झेपत नाही. म्हणून अँथोसायनिनचा लाल रंग चढवायचा आणि मान खाली घालायची, म्हणजे ऊन तिरकं लागतं.

भाची : अँथोसायनिन मुख्यतः दिसणारा प्रकाश अडवतं ना? मला चिंता अतिनील किरणांची.

मावशी : त्याचीही सोय आहे, ती डोळ्यांना दिसत नाही इतकंच. पानाच्या अगदी वरच्या थरात बिनरंगी फ्लॅव्होनॉइड्स आणि त्यांच्या जोडीची आम्लं भरलेली असतात. ती अतिनील किरणांतला यूव्हीबी शोषतात आणि प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश खाली जाऊ देतात. झाडाला यूव्हीबी कळतोसुद्धा. यूव्हीआर८ नावाचं प्रथिन जोडीने असतं. यूव्हीबी पडला की जोडी सुटते आणि पेशीला हुकूम जातो, फ्लॅव्होनॉइड तयार करा. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅरॅबिडॉप्सिस या रोपट्यात २०११ साली हे उलगडलं. शिवाय उन्हाने डीएनएला पडलेल्या गाठी उजेडाच्याच बळावर सोडवणारं फोटोलायेज झाडाकडे आहे. ते कांगारूकडे आहे, माणसाकडे नाही. चाळीसेक कोटी वर्षं जमिनीवर उन्हात उभं राहिलेल्यांकडून शिकायचं नाही तर कोणाकडून शिकायचं?

भाची : शिकू या, पण नीट. तू आत्ताच सांगितलंस की ते द्रव्य पानाच्या वरच्या थरात असतं. म्हणजे सूर्य आणि जिवंत यंत्रणा यांच्या मधोमध, अखंड, मोजक्या जाडीचं, आणि कमी पडलं तर पेशी नवं तयार करते. पाटावर वाटलंस की यातलं काय उरतं? पेशी फुटल्या, रस हवेला लागून काळा पडला. गालावर तो कुठे जाड बसला, कुठे बसलाच नाही, अर्ध्या तासात घामाबरोबर ओघळला. सनस्क्रीनचा एसपीएफ मोजताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा एकसारखा थर लावतात. थर निम्मा झाला की संरक्षणही घसरतं. त्यामुळे रेणूत ऊन शोषायची ताकद असणं ही पहिलीच पायरी झाली.

मावशी : पण ती पायरी कोणाची आहे ते तरी मान्य कर. १८९१ साली जर्मनीत फ्रीड्रिश हामर यांनी उन्हाने भाजू नये म्हणून क्विनिनचं मलम सुचवलं. क्विनिन सिंकोनाच्या सालीतलं. पुढे हांबुर्गच्या उना यांनी हॉर्स चेस्टनटचा अर्क पुढे आणला. १९२८ साली अमेरिकेत विकायला आलेल्या पहिल्या सनस्क्रीनमध्ये बेन्झिल सिनॅमेट होतं, ते दालचिनीच्या आम्लाच्या घराण्यातलं. आणि तुला दिवाळीच्या उटण्यातली कपूरकाचरी माहीत आहे. तिच्या कंदात इथाइल पॅरामिथॉक्सिसिनॅमेट असतं. तुझ्या ट्यूबवर ऑक्टिनॉक्सेट लिहिलेलं असतं, तो रेणू हाच. फक्त इथाइलच्या जागी लांब शेपूट लावलेली.

भाची : रसायनशास्त्र बरोबर आहे. पण त्या लांब शेपटीमुळेच तो तेलात नीट विरघळतो, पाण्याने सहज जात नाही आणि कातडीवर पसरून राहतो. उटणं लावून आपण काय करतो? पहाटे चोळतो आणि उजाडायच्या आत कढत पाण्याने धुऊन टाकतो. उन्हाशी त्याचा संबंधच येत नाही.

उटण्यात हा रेणू आहे हे कळलं की पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणायचा मोह होतो. मला तो मोह आवरावासा वाटतो. कपूरकाचरी उटण्यात आली ती वासासाठी, आणि सुगंधासाठी एखादा कंद निवडणं हेही ज्ञानच आहे. त्याला सनस्क्रीनचं प्रमाणपत्र चिकटवल्याने त्याचा मान वाढत नाही.

मावशी : बरं, मग खोबरेल तेलाचं काय? एसपीएफ ७ आहे म्हणतात. छापून आलंय.

भाची : छापून आलंय, आणि ते नीट वाचायला हवं. रायपूरच्या विद्यापीठातला २०१० सालचा शोधनिबंध आहे तो. ऑलिव्ह आणि खोबरेल तेलाचे आकडे सात-आठच्या घरात आले. पद्धत अशी, की तेल अल्कोहोलमध्ये पातळ करायचं, काचेच्या छोट्या नळीत घालायचं, २९० ते ३२० नॅनोमीटरमधला प्रकाश किती शोषला जातो ते यंत्राने बघायचं आणि १९८६ सालच्या एका ब्राझिली सूत्रात आकडे टाकायचे. माणसाची कातडी यात कुठेच नाही. तेलाचा पातळ थर कातडीवर बसल्यावर काय होतं याचा या नळीशी संबंध नाही. पुढे थराच्या रूपात मोजणी झाली तेव्हा अशा तेलांचा आकडा एकच्या आसपास आला. एसपीएफ एक म्हणजे काहीही न लावणं. आणि ३२०च्या पुढे ४००पर्यंत यूव्हीए पसरलेला आहे. तो काचेतून आत येतो, कातडीत खोल उतरतो आणि सुरकुत्या पाडतो. या मोजणीत त्याचं नावच नाही. आई मला शाळेत जाताना खोबरेल चोळायची, त्याने कातडी मऊ राहायची, फुटायची नाही. तेवढं त्याचं काम, आणि ते चांगलं काम आहे.

मावशी : लेपाचं सोडून देऊ. पोटातून घेतलं तर? ड्युसेलडॉर्फच्या स्टाल आणि सीस यांनी २००१ साली केलेला प्रयोग तुला माहीत असणार. रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट, १० ग्रॅम ऑलिव्ह तेलातून, १० आठवडे. त्यानंतर कातडीवर मोजून अतिनील प्रकाश टाकला तर लाली ४० टक्क्यांनी कमी उठली. म्हणजे टोमॅटोतलं लायकोपीन रक्तातून कातडीत जाऊन बसतं. त्यासाठी टोमॅटो शिजलेला आणि तेलातला हवा, आपल्या फोडणीतल्या टोमॅटोसारखा.

भाची : प्रयोग चांगला आहे, पण पूर्ण सांग. चौथ्या आठवड्यात काहीच फरक नव्हता. माणसं मोजकी होती. आणि लाली ४० टक्के कमी याचा ढोबळ हिशोब केला तर एसपीएफच्या मोजपट्टीवर ते दोनच्याही आत येतं. टोमॅटोची आमटी खाऊन दुपारी बारा वाजता द्राक्षबागेत उभं राहणाऱ्याला तेवढ्याने काय पुरणार? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचा अतिनील निर्देशांक अकराच्या आसपास जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात अकरापासून पुढे फक्त 'अतितीव्र' हा शेवटचा रकाना आहे.

मावशी : दोन नसेना का, पण ते कपाळापासून तळपायापर्यंत, कानामागे आणि भांगातसुद्धा असतं. तुझी ट्यूब कानामागे कोण लावतं?

भाची : हे मात्र खरं आहे, आणि टोमॅटो खाऊ नका असं मी म्हणतच नाही. माझं भांडण अर्धवट पुराव्याशी आहे. ग्रीन टी घे. उंदरांवर त्याचे निकाल सुरेख आले, माणसांच्या कातडीवर लावूनही थोडं आशादायक दिसलं. मग इंग्लंडमध्ये नीट चाचणी झाली. ५० निरोगी माणसं, निम्म्यांना रोज ग्रीन टीतलं १०८० मिलिग्रॅम कॅटेचिन आणि सोबत क जीवनसत्त्व, निम्म्यांना खोटी गोळी, १२ आठवडे. २०१५ साली निकाल आला, लालीत म्हणण्यासारखा फरक नाही. उंदराची कातडी पातळ असते, आणि त्याला दिलेली मात्रा बऱ्याचदा माणसाला झेपणारी नसते.

मावशी : एक प्रयोग फसला म्हणून सगळं मोडीत काढशील?

भाची : नाही, पण मग मोठा प्रयोग बघू. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये नॅम्बर नावाचं गाव आहे. ऊन भयंकर आणि लोक गोरे, त्यामुळे त्वचेचा कर्करोग घरोघरी. तिथे अडेल ग्रीन यांनी १९९२ साली १६२१ लोकांना चिठ्ठ्या टाकून वाटलं. काहींना रोज सकाळी सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना त्यांच्या सवयीप्रमाणे वागू दिलं. त्याच लोकांत दुसरी वाटणी केली. काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं द्रव्य, काहींना खोटी गोळी. एकाच गावात, एकाच उन्हात, साडेचार वर्षं, तुझं आणि माझं समोरासमोर ठेवून बघितलं गेलं.

मावशी : आणि?

भाची : रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस पेशींचे कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. पुढे दहा वर्षांनी पाहिलं तर मेलॅनोमा निम्म्यावर आलेले. हाताच्या पाठीचे ठसे घेऊन कातडीचं वार्धक्यही मोजलं. तेही २४ टक्के कमी. बीटा-कॅरोटीनचा कर्करोगावर परिणाम शून्य, वार्धक्यावरही शून्य. ते सनस्क्रीन आजच्या मानाने साधंच होतं, एसपीएफ १५-१६चं. आणि फिनलंडमध्ये बीटा-कॅरोटीनने शून्यापेक्षा वाईट केलं. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची चाचणी होती, कर्करोग टळेल या आशेने गोळी दिली, आणि १९९४ साली दिसलं की गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त.

मावशी : गाजरं खाऊन कोणाला असं झालेलं नाही. हजार द्रव्यांमधून एक उचलायचं, शुद्ध करायचं, अन्नात कधीच नसते एवढी मात्रा रोज घशात घालायची आणि मग वनस्पती नापास म्हणायचं! पान असं काम करत नाही. पानात एक द्रव्य ऊन अडवतं, दुसरं आत शिरलेल्या प्रकाशाने पेटलेल्या रेणूंना शांत करतं, तिसरं पहिल्या दोघांना दुरुस्त करतं.

भाची : मान्य. मग हाच नियम मध्य अमेरिकेतल्या त्या नेच्याच्या कॅप्सूललाही लाव. पॉलिपोडियम. त्याचेही प्रयोग आहेत, लाली थोडी कमी होते, पण मोजक्या माणसांवर. दुकानात मात्र ती 'पोटातून घ्यायचं सनस्क्रीन' म्हणून विकली जाते. कॅप्सूल यशस्वी झाली की ती वनस्पती आणि अपयशी ठरली की शुद्ध रसायन, असं चालणार नाही.

मावशीने यावर उत्तर दिलं नाही. मला वाटतं, या जागी भाचीचा पुरावा निर्विवाद वरचढ आहे. नॅम्बरसारखी चाचणी कुठल्याही वनस्पतिजन्य द्रव्याच्या पाठीशी नाही. कोणी दुकानदार तसं भासवत असेल तर तो गिऱ्हाइकाची फसवणूक करतो आहे, आणि त्या भरवशावर दुपारी उन्हात जाणारं गिऱ्हाईक त्याची किंमत कातडीने चुकवतं. पण मावशीच्या पोतडीतला खरा प्रश्न अजून बाहेर यायचा होता.

मावशी : नॅम्बरचे लोक कोणत्या रंगाचे, म्हणालीस?

भाची : गोरे.

मावशी : १९७९ साली अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या कातडीचा वरचा थर तपासला होता. काळ्या कातडीचा स्वतःचा एसपीएफ साधारण १३, गोऱ्या कातडीचा तीन-साडेतीन. आपण मधे कुठेतरी. त्वचेचा कर्करोग आपल्याकडे त्यामानाने विरळा. मग नॅम्बरचा निकाल माझ्या तोडणीच्या बायकांवर जसाच्या तसा कसा लावतेस? त्या तुझ्याकडे काय तक्रार घेऊन येतात?

भाची : वांग. गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर. मग रापणं, काळवंडणं, आणि उन्हात गेलं की हातांवर उठणारं खाजरं पुरळ. कर्करोग क्वचित. आणि हेही सांगते, वांगावर पारदर्शक सनस्क्रीन बऱ्याचदा तोकडं पडतं. आपल्यासारख्या कातडीवर साधा दिसणारा प्रकाशसुद्धा काळे डाग उठवतो, गोऱ्या कातडीवर उठवत नाही. हे २०१० साली दाखवलं गेलं. जे सनस्क्रीन चेहऱ्यावर दिसत नाही ते दिसणारा प्रकाश अडवतही नाही. म्हणून वांगाच्या रुग्णाला मी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन लिहून देते. आयर्न ऑक्साइड म्हणजे गेरूतला तोच लोहाचा रंग.

मावशी : नामिबियातल्या हिंबा बायका लाल काव लोण्यात कालवून अंगाला लावतात.

भाची : हो, आणि तो लेप ऊन अडवतो असं तपासणीत दिसलंही आहे. पण ती माती आहे, झाड नाही. झाडाच्या बाजूने बोलायचं तर मीच तुला दाखला देते. २०१५ साली येल विद्यापीठात दिसलं, की ऊन थांबल्यावरही तीन-चार तास रंगद्रव्याच्या पेशींमध्ये डीएनएची मोडतोड चालूच राहते. आणि ती मोडतोड करण्यात खुद्द मेलॅनिनचा हात असतो. जे आपल्याला वाचवतं तेच अंधारात नुकसान पुढे नेतं. सनस्क्रीन इथे काही करू शकत नाही, कारण प्रकाश आत येऊन गेलेला आहे. इथे पेटलेले रेणू विझवणारं काहीतरी हवं.

मावशी : म्हणजे माझी द्रव्यं.

भाची : त्यांतली काही. ड्यूक विद्यापीठात २००५ साली क जीवनसत्त्व १५ टक्के, ई जीवनसत्त्व १ टक्का आणि फेरुलिक आम्ल अर्धा टक्का असं मिश्रण डुकराच्या कातडीवर लावून बघितलं. फेरुलिक आम्ल तांदळाच्या, गव्हाच्या कोंड्यात असतं. ते घातल्याने क आणि ई या जोडीचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं, आणि मिश्रण टिकाऊही झालं. असं सीरम मी सनस्क्रीनच्या खाली लावायला सांगते. पावसाळ्यात कौलं नीट बसवायची, आणि तरी गळेल तिथे पातेलं ठेवायचं. पातेल्यावर विसंबून कौलं कोणी काढत नाही.

मावशी : आणि ते सीरम घरी लिंबू पिळून होणार नाही.

भाची : देवा, नको! लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्या चार-दोन मुली दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. आणि लिंबू कशाला, तुझ्या बागेतच बघ की. मगाशी ती तोडणीची बाई पाटी ठेवायला आली, तिचं उजवं मनगट पाहिलंस? बाही संपते तिथपासून अंगठ्यापर्यंत तपकिरी ओघळ आहेत, वरून खाली, कडा स्पष्ट. मधे एक जागा अजून लाल आहे, फोड येऊन फुटलेला दिसतोय. अंजीर देठातून मोडलं की पांढरा चीक येतो, तो हातावरून जसा वाहिला तसा डाग उठला. त्यात सोरालेन आहे, बर्गाप्टेन आहे. हे रेणू डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये जाऊन बसतात, आणि यूव्हीए पडला की धागे एकमेकांना डकवून टाकतात. लाली दोन-तीन दिवसांनी भरात येते, त्यामुळे डागाचं कारण चीक आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तिला वाटतंय की उन्हाने भाजलं.

मावशी : चीक खाजरा असतो हे ठाऊक होतं. बावचीतही तेच सोरालेन.

भाची : तेच. बावची घेऊन उन्हात बसायचं, ही आपल्याकडची कोडावरची जुनी चिकित्सा. १९४०च्या दशकात इजिप्तमध्ये एल मोफ्टी यांनी तिथल्या अम्मी माजुस या झाडाच्या द्रव्याने तेच केलं, आणि त्यातून सोरालेन आणि यूव्हीए यांची आजची पुवा उपचारपद्धत उभी राहिली. माझ्या दवाखान्यात त्याचं यंत्र आहे. वनस्पतीने कातडीवर केलेलं सगळ्यात भक्कम, सगळ्यात तपासलेलं काम म्हणशील तर ते ऊन रोखण्याचं नाही, ऊन वाढवण्याचं आहे. अंजिराने सोरालेन किडीसाठी तयार केलं. आपल्या मनगटाचा विचार त्याने केलेला नाही. म्हणून 'झाडाचं आहे, अपाय करणार नाही' हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलं की आधी पिशवीतलं काय ते टेबलावर ठेवायला सांगते.

मावशी : त्या बाईला काय सांगशील? सनस्क्रीन लाव?

भाची : लावलं तर बरंच.

मावशी : हिशोब कर. सगळ्या अंगाला एकदा लावायला किती लागतं?

भाची : मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम. घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा.

मावशी : म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दुपारच्या आत संपली. तिची दिवसाची मजुरी त्यात गेली. तुझं शास्त्र खरं आहे, पण ते ज्यांना सकाळी दहा ते पाच उन्हातच राहायचंय त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आता तिच्या अंगावर बघ. साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून तोंडाभोवती गुंडाळलेला रुमाल. ही तिची ट्यूब.

भाची : आणि तीच सगळ्यात चांगली आहे, मी कुठे नाही म्हणते? कापड घामाने वाहून जात नाही, कानामागे लावायला विसरत नाही. पण सगळी कापडं सारखी नसतात. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ, म्हणजे कापडाचा एसपीएफ, पाच ते सात असतो, ओला झाला की आणखी उतरतो. तिचा शर्ट धुऊन धुऊन विरलाय, खांद्यावर तर आरपार दिसतंय.

मावशी : म्हणून तर म्हणते, माझी द्रव्यं कातडीवर कशाला लावायची? कापडावर लावू. अमेरिकेत सरकार नावाच्या एका संशोधकाने २००४ साली सुती कापडं नैसर्गिक रंगांत रंगवून मोजली. त्यात नीळ होती, आणि मंजिष्ठेच्याच जातकुळीतली मॅडर. रंग जितका गडद तितकं संरक्षण जास्त, आणि वीण जितकी घट्ट तितका त्याचा फायदा जास्त. ब्लीच न केलेल्या कोऱ्या सुतातही कापसाची मूळची रंगद्रव्यं असतात, ती अतिनील शोषतात. आपण ब्लीच करून ती घालवतो आणि मग बाटलीतून परत विकत घेतो.

भाची : थांब, हे मला आवडलं. लेपाला मी जे आक्षेप घेतले ते सगळे इथे गळून पडतात. थर एकसारखा, कारण धाग्यात मुरलेला. तो ओघळत नाही, आणि कातडीत शिरत नसल्याने पुरळाची भीती कमी. पहिली वीण, मग रंग, हा क्रम मात्र विसरायचा नाही. सैल विणीला कितीही नीळ दिली तरी भोकातून ऊन येणारच. पण मला एक काळजी आहे. घट्ट विणीचं गडद कापड, एप्रिलमधलं चाळीस अंश तापमान, आणि वाकून करायचं काम. वांग टाळायला जाऊन उष्माघात ओढवून घेतला तर?

मावशी : रबारी, मेंढपाळ, वाळवंटातले लोक अंगभर कापड घालतात की.

भाची : सैल घालतात. अंग आणि कापड यांच्यामधून हवा फिरते. तिचा शर्ट पाठीला चिकटलेला आहे. त्यामुळे नुसता यूपीएफ मोजून चालणार नाही. कापड विसाव्या धुण्यानंतर, घामाने ओलं असताना मोजायचं, आणि ते घातलेल्या बाईच्या अंगाचं तापमान सकाळ-दुपार बघायचं. गालांचे फोटो एकाच प्रकाशात, हंगामाच्या आधी आणि नंतर काढायचे. निम्म्या जणींना रंगवलेला शर्ट, निम्म्या जणींना त्याच विणीचा बिनरंगी. तेव्हा कुठे मी 'वनस्पतीने वाचवलं' असं लिहून देईन.

मावशी : पुढचा खट्टा बहार हिवाळ्यात निघेल, तेव्हा ऊन सौम्य असतं. पुढच्या मीठ्या बहाराला करता येईल. निळीचं आणि मंजिष्ठेचं मी बघते, तापमानाचं तू बघ. आणि चिकासाठी मनगटापर्यंत घट्ट बसणारी बाही हवी, बोटांवर मोजे. पण शिवण कशी हवी ते आपण दोघींनी ठरवायचं नाही, तोडणीच्या बायकांना विचारायचं. काखेत हवा खेळली नाही तर त्या दुसऱ्या दिवशी शर्ट घालणार नाहीत, आणि तुझे सगळे फोटो वाया जातील.